दुसरी साखळी कुठे आहे?

सोयाबीनची रास आटोपली की बीदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात कबड्डीची मैदाने आखायला सुरुवात होते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या गावोगावच्या स्पर्धा थेट शिवजयंती आणि यात्रांपर्यंत चालतात. नोंदणीच्या कागदावर बारा नावे लिहायची असतात, सात मैदानावरची आणि पाच राखीव. पहिल्या सातांवर आपण आठवडाभर खल करतो आणि पुढची पाच नावे पंचांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या लिहितो. त्यांत दोन-तीन चढाईपटू असतात, एखादा अष्टपैलू असतो, आणि उरलेली जागा आलेल्या पोरांपैकी कोणाला तरी मिळते. डाव्या कव्हरचा घोटा मुरगळला तर त्याच्या जागी कोण, असे त्या क्षणी विचारले तर बहुतेक प्रशिक्षकांकडे उत्तर नसते. या अंकात आम्हाला याच रिकाम्या जागेबद्दल लिहायचे आहे. संघात दम किती आहे हे पकडीच्या दुसऱ्या फळीवरून कळते, आणि ती फळी सरावात जागेसाठी लावलेल्या चुरशीतूनच तयार होते. ही चुरस एकेकट्या गड्यांत लावून भागत नाही, ती जोड्यांमध्ये लावावी लागते.

जोड्यांवर एवढा भर देण्याचे कारण कव्हरच्या कामातच आहे. चढाईपटू निदान रेषा ओलांडून बोनसकडे पाय टाकतो, कोपरा खाली बसून त्याचा घोटा धरतो आणि प्रेक्षकांना दिसते ती कोपऱ्याची पकड. पण घोटा धरलेला चढाईपटू अजून संपलेला नसतो. तो अंग झोकून मध्यरेषेकडे हात लांबवतो, आणि त्या दीड-दोन सेकंदांत आतून येऊन त्याची वाट अडवणे, छातीने त्याला मागे रेटणे, हे कव्हरचे काम. तो अर्धे पाऊल आधी निघाला तर चढाईपटू सावध होतो आणि जाता जाता त्यालाही स्पर्श करून जातो. अर्धे पाऊल उशीर झाला तर कोपरा एकटा फरफटत मध्यरेषेपर्यंत जातो आणि गुण तिकडे जमा होतो. हा अर्ध्या पावलाचा हिशेब सांगून शिकवता येत नाही. शेजारच्या गड्याचा खांदा कधी खाली जातो, साखळीतला हात तो कधी सोडतो, हे शेकडो चढायांनंतर अंगात मुरते. त्यात गुणपत्रिकेवर पकडीचा गुण एकाच्याच नावावर लागतो. मदतीला वेळेवर पोचलेल्या कव्हरच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही. कागदावर न दिसणाऱ्या कामासाठी पर्यायी माणूस तयार ठेवायचे कोणाला सुचत नाही, आणि या जागेची दुसरी फळी आपल्याकडे रिकामी राहते त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मोठ्या पातळीवर काय घडले ते पाहू. प्रो कबड्डीत पाटणा पायरेट्सने सलग तीन विजेतेपदे मिळवली आणि पाचव्या हंगामात, म्हणजे 2017 मध्ये, प्रदीप नरवालने एकट्याने चढाईचे 369 गुण केले. त्यानंतर सहाव्या आणि सातव्या हंगामात संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. सातव्या हंगामात, 2019 मध्ये, प्रदीपच्या नावावर 302 गुण होते, म्हणजे चढाई आटलेली नव्हती, तरी पाटणा आठव्या स्थानावर राहिला. पुढच्या लिलावात प्रदीप 1 कोटी 65 लाखांना यूपी योद्धाकडे गेला. त्याच्याविना उतरलेला पाटणा, कर्नाटकच्या प्रशांतकुमार रायच्या नेतृत्वाखाली, आठव्या हंगामात साखळी फेरीत अव्वल ठरला आणि अंतिम सामना दिल्लीकडून 36-37 असा अवघ्या एका गुणाने हरला. या संघाचा डावा कोपरा इराणचा मोहम्मदरझा शादलुई होता, पकडीचे त्याचे 89 गुण त्या हंगामात सर्वाधिक होते. त्याच्या शेजारी नीरजकुमार, सजिन, सुनील अशी जमलेली बचावफळी होती. जिंकलेल्या दिल्लीचा हुकमी चढाईपटू नवीनकुमार गुडघ्याच्या दुखापतीने काही सामने बाहेर बसला होता. तरी संघ कोसळला नाही, कारण मनजीत छिल्लर, जोगिंदर नरवाल, संदीप नरवाल, जीवाकुमार असे मुरलेले बचावपटू एकाच संघात होते.

यावर लगेच बंगळुरू बुल्सचे नाव पुढे येईल, आणि आपल्या राज्याचा संघ म्हणून ते यायलाच हवे. 5 जानेवारी 2019 च्या अंतिम सामन्यात पवन सेहरावतने एकट्याने 22 गुण करून गुजरातला 38-33 असे हरवले. एका चढाईपटूने विजेतेपद मिळवून देण्याचे याहून ठळक उदाहरण नाही, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण गोष्ट तिथे थांबत नाही. पुढच्या हंगामात पवनने 346 गुण केले आणि त्यानंतरच्या हंगामात 304. दोन्ही वेळा बुल्स उपांत्य फेरीत दिल्लीकडून हरले. 346 गुणांचा चढाईपटू ज्या संघाला अंतिम फेरीत नेऊ शकत नाही, त्या संघाला आणखी चढाई देऊन काय मिळणार? दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. कोणी म्हणेल की पाटण्याचे यश हा तर शादलुईचा महिमा, यात दुसऱ्या फळीचा संबंध कुठे आला? तो पुणेरी पलटणकडे 2 कोटी 35 लाखांना आला आणि पलटण 2024 च्या मार्चमध्ये जिंकली, हरियाणाकडे 2 कोटी 7 लाखांना गेला आणि हरियाणा जिंकला. आणि तो गेल्यावर पलटण बाद फेरीलाही मुकली. हा मुद्दा आम्हाला काही दिवस अडवून बसला होता. त्या पडत्या हंगामात कर्णधार अस्लम इनामदार जखमी होता, हे खरे असले तरी तेवढ्याने आक्षेप मोडत नाही. तो मोडतो बाराव्या हंगामात. 2025 मध्ये हाच शादलुई 2 कोटी 23 लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. त्याच वर्षी पलटण, त्याच्याविना, गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन या जुन्या जोडीसह अंतिम सामन्यापर्यंत पोचली. कोपरा तोच होता, शेजार बदलला आणि निकालही बदलला.

बाहेरच्या एका खेळाचे उदाहरण इथे कामी येईल. अमेरिकन फुटबॉलमध्ये पुढच्या फळीच्या मागे उभा राहून चेंडू घेऊन येणाऱ्याला पाडणारा गडी असतो, त्याला लाइनबॅकर म्हणतात. जागा आणि काम पाहिले तर आपल्या कव्हरचा तो लांबचा भाऊच. तिथल्या व्यावसायिक संघात उन्हाळी शिबिराला 90 खेळाडू येतात आणि ऑगस्टअखेर त्यांतले 53 उरतात. चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या लाइनबॅकरला या 53 मध्ये जागा मिळते ती बहुधा चेंडू दूर लाथाडला जातो त्या वेळच्या खास पथकात धावण्याच्या जोरावर. म्हणजे राखीव माणूस नुसता वाट पाहत बसत नाही, त्याला रोजचे एक काम नेमून दिलेले असते, आणि त्या कामावर त्याची पारख होते. आपल्याकडे असे काम शोधायला लांब जावे लागत नाही. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरतात तेव्हा अव्वल पकडीची संधी असते. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईला समोरचा गडी गुण आणण्यासाठी आत येणार हे ठरलेलेच असते. या दोन प्रसंगांसाठी राखीव जोडी खास तयार करावी आणि त्या क्षणी तीच उतरवावी. मुलाला आपण कशासाठी आहोत हे कळले की बाकावर बसणे त्याला जड जात नाही.

आपल्या भागात तर ही दुसरी फळी मोठ्या संघांहूनही जास्त लागते, कारण इथे दुखापतीखेरीज गडी कमी होण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. डिसेंबर-जानेवारीत तुरीची रास येते आणि नेमके तेव्हाच स्पर्धांचे दिवस असतात. कोणी पोलीस भरतीच्या तयारीला जातो, कोणी हैदराबाद किंवा पुण्याची गाडी धरतो. शिवाय 1956 ला बीदर जिल्ह्याची वाटणी झाली, उदगीर-निलंगा सीमेपलीकडे गेले, औराद-भालकी इकडे राहिले, पण पोरांची ये-जा थांबली नाही. औरादच्या मुलाला देगलूर आणि उदगीर जवळ, बसवकल्याणच्याला उमरगा, आळंदच्याला अक्कलकोट. रविवारी पलीकडच्या गावाने बोलावले की चांगला चढाईपटू तिकडून खेळतो आणि पलीकडचा एखादा आपल्याकडून. चढाईपटू असा एका दिवसापुरता उसना मिळू शकतो, कारण तो आत एकटाच जातो. साखळी उसनी आणता येत नाही. त्यात भाषेचा पेच आहे. तीस सेकंदांच्या चढाईत साखळीतल्या गड्यांना एकमेकांशी एका शब्दात बोलावे लागते. एक ‘धर’ म्हणतो, दुसरा कन्नडमधून ‘हिडी’, तिसरा दखनीतून ‘पकड’. एक ‘सोड’ ओरडतो, दुसऱ्याच्या तोंडी ‘बिडू’ असते. तिन्ही भाषा सगळ्यांना कळतात, पण त्या क्षणाला कळायला लागणारा उशीर अर्ध्या पावलाएवढाच असतो. मग नवा गडी साखळीत उभा केल्यावर त्याने आधी काय ऐकायचे? संघाने हाका ठरवून घ्याव्यात, कोणत्याही भाषेतल्या घ्या, पण पहिल्या आणि दुसऱ्या फळीच्या हाका एकच असाव्यात.

गावातला प्रशिक्षक म्हणेल, इथे सातच पोरे मुश्किलीने जमतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन जोड्या म्हणजे आठ पकडपटू कुठून आणू? अडचण खरी आहे. पण संध्याकाळी मैदानावर येणाऱ्या मुलांना विचारून पाहा, निम्म्याहून जास्त चढाईच करायची म्हणतील. बक्षीस चढाईला, टाळ्या चढाईला, मोबाइलवरचे व्हिडिओ चढाईचे. संघातला तिसरा-चौथा चढाईपटू, ज्याला सामन्यात जेमतेम दोन चढाया मिळतात, तोच बहुतेक वेळा उत्तम कव्हर होऊ शकतो. चढाईपटूचा पाय कुठे वळणार हे त्याला स्वतःच्या सवयीने माहीत असते. त्याला तसे समजावून सांगणे आणि त्याचा मान राखून जागा बदलणे, हे प्रशिक्षकाचे काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. काही अनुभवी प्रशिक्षकांचा आक्षेप याहून वजनदार आहे. गडी सारखे बदलले तर साखळीची समज तुटते, आणि जागेसाठी झुंजवले तर एकाच गल्लीतल्या पोरांत वितुष्ट येते. पहिला धोका आम्हीही मानतो, म्हणूनच जोडीचा आग्रह आहे. डावा कोपरा आणि डावा कव्हर ही एक जोडी, उजवीकडे दुसरी. प्रत्येक बाजूला दोन जोड्या ठेवाव्यात आणि बदल करायचा तेव्हा पूर्ण जोडी बदलावी. सरावात पहिल्या सातांतल्या चढाईपटूंसमोर दुसरी जोडी रोज उभी करावी, म्हणजे तिची परीक्षा गावातल्या सर्वांत कठीण चढाईवर होईल आणि चढाईपटूंनाही सोपे गुण मिळायचे थांबतील. वितुष्टाबद्दल सांगायचे तर ते चुरशीपेक्षा निवडीच्या अंधारातून जास्त येते. कोण का खेळला हे कळत नाही तेव्हा पोरे आडनाव, गल्ली, पाहुणेपणा असे अर्थ काढतात. सरावातल्या कामगिरीची नोंद सगळ्यांसमोर असेल तर हरलेला मुलगाही ती मानतो.

ही नोंद कशी ठेवायची याबद्दल मात्र आम्ही आग्रही आहोत. साधी शाळेची वही पुरे. सरावातल्या प्रत्येक चढाईनंतर चार गोष्टी लिहाव्यात: पकड कोणी सुरू केली, मदतीला कोण वेळेवर पोचला, कोण उशिरा पोचला, आणि कोणी विनाकारण पुढे जाऊन गुण दिला. सामना न खेळणाऱ्या मुलाकडे हे काम द्यावे, त्यालाही खेळ दिसायला लागतो. दोन महिन्यांच्या नोंदी हाताशी आल्या की जिल्हा निवडीत तोंडी शिफारशीऐवजी वही पुढे ठेवता येईल. बीदरच्या नेहरू स्टेडियमवर किंवा कलबुर्गीच्या चंद्रशेखर पाटील क्रीडांगणावर निवड चाचणी होते तेव्हा मुलाला मोजक्या मिनिटांत स्वतःला दाखवावे लागते. चढाईपटू तेवढ्यात दिसतो. अनोळखी गड्याशेजारी उभा केलेला कव्हर दिसत नाही. निवड समितीवरच्या मंडळींना आमची विनंती आहे की पकडपटूंना जोडीने बोलवा, जोडीनेच खेळवा, आणि राखीव पाचांत किमान दोन जागा पकडीसाठी ठेवा.

पुढच्या स्पर्धेच्या अर्जावर बारा नावे लिहाल तेव्हा आठव्या आणि नवव्या क्रमांकाला डावीकडची किंवा उजवीकडची एक पूर्ण जोडी लिहा, आणि त्या दोन मुलांना ते आदल्या दिवशीच सांगा.