ओसीडी, ओसीडी काय लावलंय?

आमच्या फील्डमध्ये कोडमधल्या स्पेसेस सारख्या करत बसणारा प्रत्येक जण "मला ना, ओसीडी आहे यार" असं कौतुकाने सांगत असतो. तिथवर ठीक होतं. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं असल्याची बातमी आली आणि व्हॉट्सॲपवर लगेच तेच लेबल: "क्लिअर ओसीडी केस!"

बातमी वाचून कुणाचं निदान करायचं नसतं, त्यामुळे ते घर बाजूला ठेवू. पण हे लेबलच चुकीचं आहे आणि त्याचे परिणाम माणसालाही भोगावे लागतात, मांजरांनाही.

ओसीडीच्या माणसाला मनात येणारे विचार नकोसे असतात. हात दहादा धुतले तरी बरं वाटत नाही, आणि हे जास्त होतंय हे बहुतेकांना कळतही असतं. प्राण्यांची होर्डिंग करणाऱ्याचं बरोबर उलटं. नवं पिल्लू घरी आणताना त्याला बरं वाटतं. "मी नाही तर यांना कोण?" हीच त्याची ओळख होऊन बसते. घरात अमोनियाचा वास डोळ्यांत जातोय, कोपऱ्यात एखादं पिल्लू मरून पडलंय, आणि हा मनापासून सांगतो, "सगळी मजेत आहेत."

अमेरिकेत गॅरी पॅट्रोनेक या पशुवैद्यकाने १९९९ मध्ये अशा ५४ केसेसचा अभ्यास छापला. निम्म्या केसेसमध्ये ३९ किंवा त्याहून जास्त प्राणी. ८० टक्के ठिकाणी प्राणी मेलेले किंवा वाईट अवस्थेत. आणि जवळजवळ ६० टक्के लोकांना काही प्रॉब्लेम आहे हेच मान्य नव्हतं! म्हणजे मुद्दा नुसत्या आकड्याचा नाहीच. वीस मांजरं नीट सांभाळणारी माणसंही असतात. सांभाळणं हाताबाहेर गेलंय, ते दिसत नाहीये, आणि तरी भर पडतेच आहे, हे तिन्ही एकत्र आलं की ते होर्डिंग. त्यात मांजरीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिने. नसबंदी केली नाही तर बाहेरून एकही पिल्लू न आणता घर भरतं.

डॉक्टर लोकांचाही यात बराच काळ घोळ होता. होर्डिंग आधी ओसीडीच्याच खात्यात जायचं. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ ने त्याला वेगळा आजार मानलं. ओसीडीच्याच प्रकरणात, पण स्वतंत्र नोंद. भावकीतला, पण वेगळ्या घरचा म्हणा ना. प्राणी जमवण्याचा उल्लेखही तिथेच येतो.

आता कुणी म्हणेल, नाव काहीही द्या, काय फरक पडतो? पडतो! ओसीडी म्हटलं की आपण धरून चालतो की माणूस त्रासलेला आहे, समजावलं तर डॉक्टरकडे जाईल. इथे तो जात नाही, कारण त्याच्या लेखी चूक तुमची आहे. मग सोसायटी चिडते, नोटीस येते, गाडी येऊन जनावरं उचलते, टाळ्या. माणूस मात्र रिकाम्या घरात एकटा. काही महिन्यांत पुन्हा पिल्लं. प्रोसेस किल केली, पण ती सुरू करणारी स्क्रिप्ट तशीच राहिली.

इलिनॉय राज्याने २००१ मध्येच आपल्या कायद्यात अशा होर्डरची व्याख्या केली आणि मानसिक तपासणीची सोय ठेवली. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. मनाच्या तपासणीचं तर नावच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तक्रार जरूर करा, जनावरांचे हाल थांबलेच पाहिजेत. पण पशुवैद्यकाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही त्या दारात जायला हवा. नसबंदी करून दोन-चार मांजरं त्या माणसाकडे राहू द्यावीत का, हा प्रश्न तज्ज्ञांना विचारायला हवा. आणि गाडी निघून गेल्यावरही कुणीतरी महिनोन्महिने त्याची बेल वाजवत राहायला हवं. हे काम शेजाऱ्यालाही जमतं. फक्त आधी ते "ओसीडी" ग्रुपवर टाकून हसणं थांबवावं लागेल.