जवानाला वर्गात जागा हवी

१२ जुलै आला की पुण्यात पानशेतच्या पुराच्या आठवणी निघतात. कुणाचा वाडा किती पाण्यात होता, पेठेत खूण कुठवर चढली होती, हे जुनी माणसे आजही अंगावर काटा आणून सांगतात. १९६१च्या त्या रात्री अर्धवट झालेल्या धरणावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलेच. पण लोंढा शहरात पोहोचला तो दिवसाउजेडी, म्हणून असंख्य माणसे वाचली. पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या जवानांना नंतर शांत झोप लागली का, हे विचारायची आपल्याकडे रीत नव्हती. अजूनही नाही.

वेल्हे, भोरच्या मावळातून पोरे फौजेत जातात. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन गावी येतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत सुतळी बॉम्ब वाजला की उठून गोठ्यात जाऊन बसतो. घरचे म्हणतात, तापट झालाय. गाव म्हणते, पितो. डॉक्टर याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, म्हणतील, पण डॉक्टरपर्यंत जातो कोण? बहुतेकदा तो जातो पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकावर, सुरक्षारक्षक म्हणून. ज्याला झोप येत नाही त्याला रात्रपाळी द्यायची, हे झाले आपले पुनर्वसन!

शरीराने जायबंदी झालेल्यांसाठी आपण काही केले नाही असे नाही. अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली सुरू झाली आणि ती खडकीत आहे. मनाच्या जखमेला मात्र शाळा नाही. अमेरिकेने १९४४च्या कायद्याने सुमारे २२ लाख माजी सैनिकांना महाविद्यालयांत बसवले. तेव्हा पीटीएसडी हे नावही नव्हते. ते तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आले १९८०मध्ये, व्हिएतनामनंतर. पदवी म्हणजे औषध नव्हे, उपचार हवेतच. पण ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायला कारण मिळते, वेगळ्या वयाची माणसे भेटतात, आणि ‘तिकडे किती मारले?’ याखेरीज दुसरे काही कुणीतरी विचारते.

पानशेतचे पाणी खडकवासल्याच्या तलावात येते. त्याच तलावाकाठच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या छात्राला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. जवानाला काय? दहावी आणि १५ वर्षांची सेवा असेल तर गट ‘क’च्या नोकरीपुरते त्याला पदवीधर धरतात. अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे, त्यात निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाचेच धरले जातात. नोकरीसाठी हे उपयोगी आहे, नाही कोण म्हणतो? पण एकटेपणातून बाहेर यायला धडपडणाऱ्या माणसाच्या हाती आपण टपालाने येणारी पुस्तके आणि प्रमाणपत्र देतो. त्याला हवा आहे वर्ग.

तो देणे फार अवघडही नाही. दाराजवळचा, पाठीशी भिंत असलेला बाक. परीक्षेला कमी गर्दीची खोली. एखादी वाईट रात्र गेली तर हजेरीत सूट. फौज म्हणजे काय हे ठाऊक असलेला समुपदेशक. भोरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयातही हे होऊ शकते, त्यासाठी वेल्ह्याच्या माणसाने रोज पुणे गाठायची गरज नाही. सैनिक कल्याण विभागाचे राज्य मुख्यालय पुण्यात आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा सैनिकांसाठीचा खास कक्ष डिसेंबर २०२३मध्ये सुरू झाला, तोही पुण्यातच, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. या तिघांना एका टेबलाशी बसवायला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची?

पुढच्या प्रवेशांपूर्वी विद्यापीठाने याची योजना जाहीर करावी. आणि वाचकहो, तुमच्या घरी वा शेजारी असा एखादा फौजी असेल, तर तोवर थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.