फेब्रुवारीतला महाराष्ट्र

राज्य स्थापन झाल्यावरची पहिली जनगणना १९६१ सालची. तेव्हा महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ९६ लाख माणसे होती. २०११ साली ती ११ कोटी २४ लाखांवर गेली. पन्नास वर्षांत लोकसंख्या जवळपास तिप्पट झाली, एवढेच ध्यानात राहते. ही वाढ कुठे झाली आणि कुठे झालीच नाही, हे मात्र आकडा जिल्ह्यांत फोडल्यावरच कळते.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गाचीही घटली. मुंबई शहर जिल्ह्यातली अडीच लाखांनी कमी झाली आणि त्याच काळात ठाणे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोहोचले. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कमावते पुरुष गावाबाहेर असल्याची खूण या एका आकड्यात दिसते. हे चाकरमानी शिमग्याला परततात, पण २०११ ची होळी मार्चच्या उत्तरार्धात होती आणि मोजणी फेब्रुवारीच्या अखेरीस आटोपली होती.

गणनेच्या संपूर्ण काळात जो आपल्या घरापासून दूर असेल, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचे, असा जनगणनेचा नियम आहे. नियम योग्यच आहे, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. पण फेब्रुवारी हा उसाच्या गाळपाचा महिना. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ऊसतोडणीला निघतात आणि हंगाम संपेपर्यंत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा थेट कर्नाटकात असतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, लेकरे सोबतच. मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. गावात मागे म्हातारी माणसे राहतात, बाकी घरांना कुलूप.

अशा कुटुंबाकडे प्रगणक पोहोचायला हवा तो कोपीत. तोडणीसाठी टोळी पहाटेच्या अंधारात बाहेर पडते आणि कधी कधी उसाची गाडी भरून रात्री उशिरा परतते. दिवसा दारोदार फिरणाऱ्या प्रगणकाला तिथे कोण भेटणार? गावी कुलूप आणि कोपीत कुणी नाही, अशा रीतीने अख्खे कुटुंब मोजणीतून निसटू शकते. कोपीत मोजले गेले तरी ते कोल्हापूरच्या खात्यात जाते. पावसाळ्यात तेच कुटुंब पाटोद्यात पाणी पिते, तिथल्या आरोग्य केंद्रात जाते, तिथल्या शाळेत मुलांची नावे घालते. त्या सोयी मात्र फेब्रुवारीतल्या आकड्यावर आखल्या जातात.

आणि तो आकडाही आता जुना झाला आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राची लाभार्थी-मर्यादा सुमारे ७ कोटी १७ हजार ठरली, ती २०११ च्या लोकसंख्येवर. त्यानंतर वाढलेल्या कुटुंबांची नावे त्याच मर्यादेत बसवावी लागतात. २०१४ साली जन्मलेल्या पालघर जिल्ह्याची जिल्हा म्हणून अजून एकही जनगणना झालेली नाही. दरम्यानच्या काळात जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून अंदाज बांधता येतो. पण घर सोडून गेलेल्या माणसाची नोंद त्या दाखल्यांत नसते, आणि महाराष्ट्रातली उलथापालथ प्रामुख्याने स्थलांतराची आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ च्या रात्रीचे बारा ही आहे, म्हणजे मोजणी पुन्हा ऐन हंगामातच. तारीख केंद्राने ठरवलेली असल्याने राज्याला ती बदलता येणार नाही, पण तयारी राज्याच्या हातात आहे. तोडणीच्या टोळ्यांचे करार कारखान्यांकडे असतात आणि कोणती टोळी कुठल्या फडावर आहे हे मुकादमाला ठाऊक असते. या याद्या जिल्हाधिकाऱ्यांनी डिसेंबरातच मागवाव्यात. कोप्यांची मोजणी रात्री करावी; बेघरांची तशी होतेच. कर्नाटकात गेलेल्यांसाठी तिथल्या प्रशासनाशी आधीच बोलून ठेवावे. आधीचा मुक्काम कुठे होता आणि इथे येऊन किती काळ झाला, हे जनगणना विचारत आली आहे. गेल्या वेळी या उत्तरांचे तपशीलवार तक्ते हाती यायला कित्येक वर्षे गेली. या वेळी ते तालुकावार आणि लवकर मिळावेत, असा आग्रह राज्याने केंद्राकडे आत्ताच धरावा. पाटोद्याच्या पाण्याचा आणि शाळांचा आराखडा करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर गावात सापडलेली माणसे आणि फडावर सापडलेली माणसे, असे दोन्ही आकडे असले पाहिजेत.