नाटक संपल्यावर गावात काय उरतं?

१९८३ साली ज्योती म्हापसेकरांनी 'मुलगी झाली हो' लिहिलं. लिहिणारी पेशाने ग्रंथपाल आणि स्त्रीमुक्ती संघटनेची कार्यकर्ती. त्यात काम करणाऱ्याही व्यावसायिक नट्या नव्हेत, संघटनेच्याच बाया. नाटक महाराष्ट्रभर फिरलं. शिबिरात दिवसभर सांगून जे पोचत नाही, ते गाण्यातून पोचतं, हे आपण त्यातून शिकलो.

गर्भलिंगचाचणीविरुद्ध १९८८ साली राज्याचा कायदा झाला, १९९४ साली केंद्राचा. तरी जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ८८० मुली होत्या, २०११ साली ८४२. धुळ्यातही २०११ चा आकडा नऊशेच्या खालीच. मग "नाटकं करून काय झालं?" असं आपल्यातल्याच काहीजणी विचारतात.

मला हा प्रश्न चुकीचा वाटतो. हुंडा, जमिनीचा वारस आणि सोनोग्राफीचं यंत्र यांच्याशी एका संध्याकाळचं नाटक एकटं लढणार कसं? चूक कलेची नाही. आपण कलेला दवंडी समजलो, ही चूक. दवंडी पिटून माणूस पुढच्या गावी जातो, ऐकणारी जागच्या जागी राहते. सरकारी योजनांच्या कलापथकांत तर घोषणा, फोटो आणि बिल एवढंच उरतं.

खानदेशात बाईचं व्यासपीठ आधीपासून आहे. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, तीही अहिराणीत. आसोद्याच्या बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या; त्यांची गाणी घरातून, शेतातून आली. बाईला बोलतं करायला बाहेरून भाषा आणावी लागत नाही.

कुणी म्हणेल, याच परंपरेत लेकाचं कौतुकही आहे. आहेच. म्हणूनच वाद तिथे घालायचा. गाणारीनेच स्वतःला विचारावं, ही ओळ मी का म्हणते? आणि पटली नाही तर तिनेच ती बदलावी.

म्हणून येत्या आखाजीला तयार नाटक नेऊ नये, असं मला वाटतं. चार दिवस राहावं, ऐकावं, त्यांच्याच गोष्टीतून प्रवेश उभा करावा. कुणाचं घरातलं दुखणं नावानिशी उघडं पडणार नाही, याची काळजी घ्यावी. आणि गावातली जी बाई हे काम पुढे चालवील, तिला कापूस वेचणीइतका तरी रोज द्यावा. तिच्या कलेला आपणच फुकट धरलं, तर मुलीची किंमत गावाला कोणत्या तोंडाने सांगणार?