मुक्त संगणकप्रणालीचा अधिकारी कोण?

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन ही चार अंगे सांगून ठेवण्याची जुनी परंपरा आहे, आणि त्यांत पहिला प्रश्न अधिकाऱ्याचा, म्हणजे हे शास्त्र हाती घेण्यास पात्र कोण, हा असतो. लिनक्ससारखी मुक्तस्रोत कार्यप्रणाली नवशिक्याने वापरावी की नाही या वादाच्या तळाशीही तोच प्रश्न आहे. एक पक्ष म्हणतो की ही प्रणाली अभियंत्यांची असून सामान्य विद्यार्थ्याचा तिच्यावर अधिकार नाही; दुसरा पक्ष, जो स्वतःला तिचा कैवारी समजतो, तो म्हणतो की अधिकार आहे, परंतु आधी आज्ञा पाठ करून तो सिद्ध केला पाहिजे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की दोन्ही पक्ष पात्रता आधी आणि प्रयोजन नंतर असा उलटा क्रम लावतात, आणि नवशिक्याची फसगत होते ती प्रणालीच्या काठिण्यामुळे नव्हे, तर या उलट्या क्रमामुळे होते.

प्रथम संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. संगणकाची यंत्रसामग्री आणि वापरणाऱ्याची कामे यांच्यामध्ये राहून दोहोंचा मेळ घालणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली होय. लिनक्स या कार्यप्रणालीचा अगदी आतला भाग, ज्याला गाभा म्हणता येईल, लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहून सर्वांसाठी खुला केला, आणि त्याला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची जोड मिळून आजची प्रणाली उभी राहिली. गाभा, साधने, पडद्यावरची मांडणी आणि उपयोगाची सॉफ्टवेअरे एकत्र बांधून जो तयार संच दिला जातो त्याला वितरण म्हणतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा ही त्यांतील परिचित नावे आहेत. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने मोफत आणि मुक्त असे दोन्ही अर्थ निघत असल्यामुळे तेथे या विषयाची चर्चा वारंवार खुलाशांत अडकते. मराठीत मात्र हे दोन शब्द मुळातच वेगळे आहेत. येथे ‘मुक्त’ म्हणजे प्रणाली वापरण्याचे, तिचे अंतरंग अभ्यासण्याचे, प्रती वाटण्याचे आणि बदल करून ते इतरांना देण्याचे स्वातंत्र्य, आणि मोफत असणे हा त्याचा केवळ आनुषंगिक लाभ.

हा प्रश्न आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक लॅपटॉप, ते उत्तम चालत असले तरी, अधिकृत यादीबाहेर पडले. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शेजारी वसलेल्या फतेगंजासारख्या भागात, जेथे परगावचे विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि थोरल्याचा लॅपटॉप धाकट्याकडे येणे ही नित्याची गोष्ट आहे, तेथे या बदलाचा अर्थ सरळ आहे: नवे यंत्र विकत घ्यावे, असुरक्षित होत जाणारी जुनी प्रणाली चालू ठेवावी, अथवा वेगळी प्रणाली स्वीकारावी.

पूर्वपक्षाचा पहिला आक्षेप काठिण्याचा आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकल्याशिवाय लिनक्स चालत नाही, असे सांगितले जाते. या समजुतीला इतिहासात आधार आहे, वर्तमानात मात्र फारच थोडा आहे. आजच्या मिंट किंवा उबुंटूवर फाइल उघडणे, वाय-फाय जोडणे, निबंध लिहिणे, चित्रपट पाहणे ही सारी कामे माउसनेच होतात. आक्षेपकर्ते अनोळखीपणालाच काठिण्य समजतात. प्रथम विंडोज शिकतानाही प्रत्येक जण अडखळलेला असतो, फक्त ते अडखळणे विस्मरणात गेलेले असते. केरळने २००१ साली सुरू केलेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पातून पुढे राज्यातील शाळा मुक्त प्रणालीवर आल्या. तेथे ती शिकवणारे हजारो शिक्षक संगणक-अभियंते नव्हते, भाषा, गणित आणि समाजशास्त्र शिकवणारे शिक्षक होते. मात्र समर्थकांचा एक नेहमीचा युक्तिवादही येथेच बाजूला ठेवला पाहिजे. अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचा गाभा आहे आणि जगातील पाचशे अग्रगण्य महासंगणक त्यावर चालतात ही माहिती खरी असली, तरी तिच्यावरून गाभ्याचे सामर्थ्य सिद्ध होते, नवशिक्याची सोय सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप उत्तरदायित्वाचा आहे: ज्याचा धनी कोणी नाही, त्यात बिघाड झाला तर दाद कोणाकडे मागावी? या आक्षेपात तथ्यांश आहे आणि तो झाकण्यात प्रामाणिकपणा नाही. अनेक वितरणांत वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या फाइल-संकोचनाच्या साधनात, थकलेल्या स्वयंसेवकाचा विश्वास दोनेक वर्षे हळूहळू संपादन करून एका व्यक्तीने गुप्त दरवाजा बसवला होता. तथापि मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकावर प्रवेश होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले, आणि त्याने अंतरंग तपासून तो कट उघडकीस आणला. मुक्ततेमुळे दोष टळतात असा दावा या घटनेनंतर करता येणार नाही. पण दोष शोधण्याची मुभा कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर राहत नाही, एवढे म्हणता येईल. बंद प्रणालीचा धनी ठाऊक असतो हे खरे. परंतु आधार संपल्याची तारीखही तोच धनी ठरवतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो सर्वांत बळकट आहे. हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्या वाणिज्य-विद्यार्थ्याला किंवा फोटोशॉपवर अवलंबून असलेल्या कलाकाराला त्याचे नेमके साधन लिनक्सवर मिळत नाही, आणि पर्यायी साधनाने प्रत्येकाची गरज भागतेच असे नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक फाँटांत टंकलेला मजकूर लिनक्सवर अर्थहीन अक्षरांसारखा दिसतो. मात्र ज्या विंडोज-यंत्रावर तो फाँट नाही तेथेही तो तसाच दिसतो, म्हणून हा दोष प्रणालीचा नसून मजकूर युनिकोडमध्ये नसण्याचा आहे. ज्याचे काम खरोखरच एखाद्या विशिष्ट साधनाला बांधलेले आहे, त्याने ते साधन सोडू नये. यातून एवढेच सिद्ध होते की निर्णय कामागणिक घ्यावा लागतो. कोणीच लिनक्स घेऊ नये, हे सिद्ध होत नाही.

आता कैवाऱ्यांकडे वळले पाहिजे, कारण नवशिक्याचे अधिक नुकसान त्यांच्याच उत्साहाने होते. कोणते वितरण श्रेष्ठ यावर ते त्याला आठवडाभर गुंतवून ठेवतात, पहिल्याच दिवशी विंडोज पुसून टाकण्याचा आग्रह धरतात, आणि अडचण विचारली असता उत्तराऐवजी आज्ञांची माळ हाती देतात. न समजलेली आज्ञा टंकणे हे ज्ञान नव्हे. व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवलेली एखादी चुकीची आज्ञा सगळ्या फाइली नाहीशा करू शकते. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याचा तो काळा पडदा, हे समर्थ साधन आहे, परंतु ते तिसऱ्या महिन्याचे साधन आहे.

खंडन येथे संपते. मंडनाचा आधार प्रयोजन हा असल्यामुळे आरंभ वितरणाच्या निवडीने न करता कामांच्या यादीने करावा: शोधनिबंध, ऑनलाइन वर्ग, छपाई, मराठी-गुजराती लेखन, ज्याचे जे असेल ते. त्यानंतर मिंट किंवा उबुंटूच्या दीर्घकालीन आधाराच्या आवृत्तीची प्रतिमा-फाइल अधिकृत ठिकाणाहून उतरवून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी आणि संगणक त्यावरून सुरू करावा. या ‘लाइव्ह’ पद्धतीत प्रणाली तात्पुरत्या स्मृतीत चालते आणि स्थापनेचे बटण दाबले नाही, तर डिस्कवरील मजकुराला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि यादीतील प्रत्येक काम येथेच तपासून घ्यावे. सर्व जमले तरच, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून आणि विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवून, दोन्ही प्रणाली शेजारीशेजारी बसवाव्यात. मिंटला किमान दोन जीबी रॅम लागते, चार जीबी असल्यास काम सुखाने चालते; त्यामुळे जुने यंत्र हा येथे अडथळा ठरत नाही.

भाषेच्या बाबतीत बडोद्याच्या मराठी विद्यार्थ्याला एक विशेष सोय आहे. घरी मराठी आणि बाहेर गुजराती अशा त्याच्या दोन लिपींसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ ही प्रमाणित कळरचना एकच आहे. जी कळ देवनागरी ‘क’ उमटवते तीच गुजराती ‘ક’ उमटवते, म्हणून एका लिपीत बसलेला हात दुसऱ्या लिपीत आपोआप चालतो. ही रचना विंडोजवरही मिळते हे मान्य. पण लिनक्सवर ती बहुतेक वितरणांत दोन्ही लिपींच्या मुक्त फाँटांसह उपलब्ध असते. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांचे पाठ मराठी व गुजराती आवाजांत दिले असल्यामुळे इंग्रजी येत नाही ही सबबही उरत नाही.

बडोद्याला या विचाराचे वावडे असण्याचे कारण नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाची पात्रता आधी तपासली नव्हती. १९१० साली विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून जी सार्वजनिक ग्रंथालये उभारली, तीही पंडितांपुरती नव्हती. त्याच योजनेतील दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे: बॉर्डन यांनी ग्रंथपाल तयार करण्याचे वर्गही चालवले, कारण दार उघडे असणे पुरेसे नसते, आत आलेल्याला हवे ते पुस्तक दाखवणारा माणूसही लागतो. मुक्त प्रणालीने पहिली अट पुरी केली आहे. दुसरी पुरी करणे हे ज्यांना ती येते त्यांचे काम आहे, आणि फतेगंजातील एखाद्या खोलीत मित्राच्या जुन्या लॅपटॉपजवळ बसून, त्याची कामांची यादी वाचून, आज्ञा स्वतः न टंकता त्याच्याच हातून प्रिंटर चालू करून देणारा विद्यार्थी ते काम दहा व्याख्यानांहून चांगले करू शकेल. ज्याचे काही काम अडले आहे आणि ते करून पाहण्याची ज्याची तयारी आहे, तोच या शास्त्राचा अधिकारी. त्याच्याकडे दुसरी पात्रता मागण्याचा हक्क कोणालाही नाही.