क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना नोंदणी क्रमांक विचारा

हिंजवडीतले आयटीवाले रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, काउन्सेलर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एकच ना?" नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. किंवा भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) मान्यताप्राप्त संस्थेची पात्रता लागते. एम.फिल.मध्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण पाहावे लागतात. माझ्या मते खरी किंमत या देखरेखीची आहे. आत्महत्येचा विचार दडवणारा रुग्ण ओळखायला नुसती पुस्तके वाचून जमत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारा; त्यात संकोच कसला? आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आत्ताच टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आणि चोवीस तास आहे.