‘प्रभाव’ नावाची पळवाट

मराठी समीक्षेला ‘प्रभाव’ ही संज्ञा फार सोयीची झाली आहे. दोन परंपरांची गाठ पडली की एक प्रभाव टाकणारी व दुसरी तो स्वीकारणारी, अशी वाटणी करून समीक्षक मोकळा होतो. प्रत्यक्ष काम कोणी आणि कसे केले, हे मग पाहावेच लागत नाही.

भगवानदादांच्या ‘अलबेला’चे (1951) संगीत ‘पाश्चात्त्य वळणाचे’ ठरवले जाते. स्तुती करणारेही हेच विशेषण वापरतात. पण हे ‘पश्चिम’ म्हणजे नेमके कोण? पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर या कामात होते हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. जॅझ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची निर्मिती. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत ती आणली प्रामुख्याने गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकलेल्या वादकांनी. युरोपला या व्यवहारात वाद्ये आणि लिपी यांपलीकडे फारसे श्रेय देता येत नाही.

इथिओपियाचे मुलातू अस्तात्के यांच्याकडे पाहिले म्हणजे ही विसंगती स्पष्ट होते. पंचस्वरी स्वरमालिका मोडू न देता तिच्याखाली जॅझची स्वरसंवादी रचना कशी बसवावी, हा त्यांचा मूळ प्रश्न. ‘द हेलिओसेंट्रिक्स’ या लंडनच्या वाद्यवृंदासह 2009 मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर दोन्ही नावे होती. या व्यवहाराला ‘संवाद’ म्हणताना आपले समीक्षक अडखळणार नाहीत. मग एकरेषीय चाल न बिघडवता तिच्यामागे कोणते स्वरसमूह ठेवावेत, पितळी वाद्यांनी गायकाला कोठे उत्तर द्यावे, हे ठरवणाऱ्या मुंबईतील वादकांचे कामच तेवढे ‘प्रभाव’ कसे?

यावर श्रमविभागणीचा आक्षेप येईल: पिंपरीच्या कारखान्यात गाडी जुळवणाऱ्याचे नाव गाडीवर नसते, तसेच हे. हा दृष्टान्त उलटाच पडतो. जुळणी करणाऱ्याच्या हाती आराखडा तयार येतो. वाद्यमेळ रचणारा तो आराखडाच लिहितो. (शिवाय कामगाराचे नाव नसणे न्याय्य आहे, हे तरी कोणी सिद्ध केले?)

देशीवादी मांडणीने या प्रश्नाला भिडायला हवे होते. परंतु कोकणी बोलणारा, ख्रिस्ती, हॉटेलांत वाजवणारा वादक तिच्या ‘देशी’त बसत नाही आणि आधुनिकतावाद्यांना तो पुरेसा विदेशी वाटत नाही. त्यामुळे या वादकांचा विस्तृत वृत्तान्त आला तो नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ (2012) या इंग्रजी ग्रंथातून. ‘अलबेला’तील ‘दीवाना ये परवाना’ या गीतात चिक चॉकलेट आणि त्यांचा ताफा झालरीचे सदरे घालून पडद्यावर वाजवताना दिसतो. चित्रपटाला ‘संहिता’ म्हणणाऱ्या मराठी समीक्षेने निदान ही चौकट तरी वाचावी.